न घेतलेलं कर्ज आणि लॉकडाऊनमधली मोटारसायकल

रेणापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वहीची तीन पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नाव-गाव देत नाही. पत्राचा मतलब त्यांच्याच शब्दांत देते:

‘दोन म्हशींसाठी बँकेत अर्ज केला. साहेब म्हणाले, तुमचं सिबिल खराब आहे, तुमच्या नावावर एका फायनान्सचं ३८ हजारांचं कर्ज थकलंय. म्या बचत गटाशिवाय आजवर कुठंच कर्ज काढलं नाही आन् गटाचा एक हप्ता चुकवला नाही. आता रोज फोन येतेत. पैसे भरा, न्हाईतर पोलीस येऊन उचलून नेतील म्हणतेत. भाच्यानं मोबाइलवरून सिबिलचा कागद काढून दिला, त्याची झेरॉक्स जोडली आहे.

दुसरं पोराचं. लॉकडाऊनमध्ये सासूबाईंना गाडीवर अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेताना जिल्ह्याच्या हद्दीवर अडवलं. गाडी दोन दिवस ठाण्यात ठेवली, कशावर तरी सही घेतली, पाचशे रुपये घेतले. सासूबाई त्याच आठवड्यात गेल्या. आता पोरगा पोलीस भरतीत निवडला गेलाय, साक्षांकन नमुना भरायचाय. त्याच्यावर गुन्हा आहे का नाही, कुणी सांगंना. एक वकील म्हणतेत लिहू नको, एक म्हणतेत लिही.’

आणि तिसऱ्या पानाच्या समासात बारीक अक्षरात: ‘राखीपौर्णिमेला पोराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गाडीच्या चलनाची फाइल आली होती. उघडली, काहीच झालं नाही, म्हणून काढून टाकली. ते चलन भरायचं का?’

ताई,

आधी उचलून नेण्याचं सांगते, कारण त्यामुळे तुमची झोप उडालेली दिसते. कर्ज थकलं एवढ्यावरून कुणालाही अटक होत नाही. तो दिवाणी मामला आहे. ज्याचं येणं आहे त्याने कोर्टात दावा लावायचा, नोटीस पाठवायची, तुमचं म्हणणं ऐकून मग निकाल. तुम्ही तर कर्ज घेतलेलंच नाही. फोनवर ‘पोलीस पाठवतो’ म्हणणारा माणूस पोलीस पाठवू शकत नाही. उलट वसुलीवाल्यांनाच नियम आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं आहे की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना सांगून अब्रू घालवायची नाही. पुढचा फोन आला की रेकॉर्ड करा आणि एवढंच म्हणा: ‘हे कर्ज माझं नाही. तुमचं नाव, कंपनीचं नाव आणि कर्जाचा खाते क्रमांक सांगा, मी लेखी कळवते.’ वाद घालू नका, रडू नका, आणि आधार, पॅन, ओटीपी यांतलं काही एक सांगू नका.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बँकेचे साहेब तोंडी बोलले. फोनवाला तोंडी. ठाण्यातले तोंडी. दोन्ही वकील तोंडी. सिबिलची, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांच्या नोंदीच्या अहवालाची, झेरॉक्स सोडली तर इतक्या महिन्यांत तुमच्या हातात एक कागद आलेला नाही, आणि तुमचाही कागद कुठल्या टेबलावर पोचलेला नाही. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवतीच आहे.

माझ्या वडिलांचं सांगते. त्यांनी विहिरीवरच्या मोटारीसाठी कर्ज काढलं होतं. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी काउंटरवरचे भाऊसाहेब म्हणाले, ‘झालं मालक, सुटलात, या आता.’ वडील पेढे घेऊन घरी आले. बेबाकी प्रमाणपत्र, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा बँकेचा दाखला, मागायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही. नऊ वर्षांनी भावाभावांत वाटणी करायची म्हणून सात-बारा काढला, तर ‘इतर हक्कां’त बँकेचा बोजा जसाच्या तसा. ते भाऊसाहेब निवृत्त झालेले, खातं जुन्या वहीत, वही कुठल्या गोदामात. बोजा उतरायला वडिलांनी चौदा महिने चपला झिजवल्या. मी तेव्हा वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होते. तेव्हापासून कुणी ‘झालं तुमचं काम’ म्हटलं की मी पेन पुढे करते.

आता तुमची झेरॉक्स. ती जोडलीत हे फार बरं केलंत. पहिल्याच पानावर नाव तुमचं, जन्मतारीख तुमची, पॅन तुमचा. पण खाली ‘ईमेल’च्या रकान्यात एक लांबलचक पत्ता आहे, इंग्रजी अक्षरं आणि आकडे एकमेकांत मिसळलेला. पत्रात तुम्हीच लिहिता की तुमचा ईमेलच नाही. पत्त्यात गावाचं नाव बरोबर आहे, पण पिनकोड ४१३ ने सुरू व्हायला हवा, तिथे दुसऱ्याच राज्यातला आहे. आणि तिसऱ्या पानावर कर्ज खातं उघडल्याची तारीख: १२ ऑगस्ट. त्या वर्षी राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला होती.

म्हणजे समासात लिहिलेली ती ओळ पत्राच्या मधोमध असायला हवी होती, ताई. चलनाच्या नावाने येणारी ती फाइल म्हणजे एक अ‍ॅप असतं. नावाच्या शेवटी ‘एपीके’ लिहिलेलं असतं. उघडलं की वरवर काही होत नाही, पण ते फोनमधले मेसेज वाचायची परवानगी घेऊन बसतं. ओटीपी आला की तो तुमच्याआधी दुसऱ्याने वाचलेला असतो. तुम्ही लिहिलंय की तुमचं सिमकार्ड पोराच्याच फोनमध्ये दुसऱ्या जागी टाकलेलं आहे. आधारला आणि पॅनला तोच नंबर जोडलेला. याच फाइलमुळे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, ते तपासात कळेल. पण तीन दिवसांचं अंतर पोलिसांना दाखवण्यासारखं आहे, म्हणून तक्रारीत दोन्ही तारखा लिहा. ते चलन अजिबात भरू नका. गाडीवर खरंच चलन आहे का ते महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून दिसतं. चलनासाठी सरकार व्हॉट्सअ‍ॅपवर कुठलंही अ‍ॅप पाठवत नाही.

तो फोन आधी नीट करून घ्या. चिन्ह काढून टाकलं म्हणून अ‍ॅप गेलेलं नसतं, कित्येकदा ते लपून बसतं. आधी फोनच्या पडद्यांचे, त्या मेसेजचे आणि आलेल्या नंबरचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, तो पुरावा आहे. तक्रार देताना पोलिसांना फोन बघायचा आहे का विचारा, आणि त्यांनी हो म्हटलं तर दाखवल्यानंतरच फोन पूर्ण कोरा करा, म्हणजे फॅक्टरी रीसेट. तोवर सिम काढून साध्या बटनाच्या फोनमध्ये टाका. बँकेत जाऊन यूपीआय बंद करून घ्या, नंतर नव्याने चालू करा. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं, तेही भाच्याला बघायला सांगा.

आता त्या फायनान्स कंपनीला पत्र. साधं मराठीत चालेल. टपालाने, पोचपावतीसह रजिस्टर करून पाठवा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर भाच्याकडून त्याचाच फोटो टाका. पत्रात लिहा की हे कर्ज मी मागितलं नाही, घेतलं नाही, रक्कम मला मिळाली नाही. मग मागणी करा: कर्जाचा अर्ज, केवायसीची, म्हणजे ओळख पटवायची, कागदं आणि फोटो, करारनामा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कर्जाची रक्कम कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला जमा केली त्याचा व्यवहार क्रमांक. बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका. डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने नियम घातले आहेत, त्यात कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेले पाहिजेत असं आहे. तुमच्या पासबुकात १२ ऑगस्टच्या आगेमागे अशी रक्कम जमा नाही. म्हणजे एक तर कंपनीने पैसे दुसऱ्याच्या खात्यात टाकले, किंवा तुमच्या नावाने दुसरंच खातं उघडलं गेलं. दोन्हींचं उत्तर कंपनीला द्यावं लागेल. ऑगस्ट-सप्टेंबरचं पासबुक भरून घ्या, बँकेचा शिक्का मारून घ्या, झेरॉक्स जोडा. तुमच्याजवळचा सगळ्यात वजनदार कागद तोच आहे.

एक मोह होईल, तो आवरा. फोनवाला एक दिवस गोड बोलेल: ‘मावशी, अडतीस राहू द्या, आठ हजार भरा, मिटवून टाकतो.’ घरातले म्हणतील, भरा आन् सुटा. भरू नका. पैसे भरले म्हणजे कर्ज कबूल केल्यासारखं होतं, आणि अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. तो शेरा बघून पुढची बँक पुन्हा तोंड वाकडं करते. तुम्हाला तडजोड नको आहे. ते खातं तुमच्या नावावरूनच निघालं पाहिजे.

पोलिसांकडे. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. पैसे नुकतेच खात्यातून गेले असतील तर तो तासाभरात लावायचा असतो, म्हणजे पुढच्या खात्यात ते गोठवता येतात. तुमच्या प्रकरणाला महिने झाले, तेव्हा तेवढा उपयोग होणार नाही. तरीही सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, कारण तिथे तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि तो पुढे प्रत्येक पत्रात लिहिता येतो. मग ठाण्यात जा. ठाणे अंमलदार कदाचित म्हणतील, ‘हे सायबरचं आहे, लातूरला जा.’ १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, आणि गुन्हा नोंदला की त्याची प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतलाच नाही तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. काही गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे, तेव्हा ‘आधी चौकशी करतो’ म्हणाले तर लगेच वाईट वाटून घेऊ नका, पण तारीख लिहून ठेवा. दुसऱ्याची ओळख वापरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क आणि तोतयेगिरी करून फसवल्याबद्दल ६६ ड आहे. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यांच्या वरच्या दर्जाचे अधिकारीच करतात, म्हणून अर्ज पीआय साहेबांच्या नावे लिहा.

आणि अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरी आपली ओसी, म्हणजे पोच घेऊन स्वतःजवळ ठेवायची प्रत. तिच्यावर सही, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. ‘साहेब आले की देतो’ म्हणाले तर साहेब येईपर्यंत बसा. बसायला लाज वाटायचं काही कारण नाही, ताई. ती जागा तुमचीच आहे.

या कागदांची झेरॉक्स जोडून सिबिलकडे वाद नोंदवा. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण पत-अहवाल ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींकडूनही वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. उरलेल्या तिघींचेही मागवा, कारण हे कर्ज तिथेही असू शकतं, आणि एखादं दुसरं लपलेलंही. तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागला पाहिजे. नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते, हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून चालू आहे. फायनान्स कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. फी नाही, वकील लागत नाही. ऑनलाइन जमत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या केंद्रावर टपालाने मराठीतही तक्रार पाठवता येते, आणि १४४४८ वर फोन करून विचारता येतं.

म्हशींच्या कर्जाचं एवढंच. साहेबांना सांगा की नाकारलंत ते लेखी द्या. कर्जाचा अर्ज नाकारला तर त्याचं मुख्य कारण लेखी कळवायचं, हे रिझर्व्ह बँकेच्या आचारसंहितेतच आहे. वाद नोंदवल्याचा कागद त्यांच्या फाइलला लावून ठेवा. साहेब बदलून गेले तरी फाइल तिथेच राहते.

आता पोराचं. यावर जास्त लिहिते, कारण कर्जाचा वाद दोन महिने पुढे-मागे झाला तर चालेल, साक्षांकन नमुन्याला, म्हणजे निवड झालेल्याने स्वतःची माहिती पडताळणीसाठी भरून द्यायच्या फॉर्मला, तारीख असते.

आधी एक मनातलं. आजारी आजीला उन्हात गाडीवर बसवून दवाखान्याकडे निघालेल्या एकोणीस वर्षांच्या पोराने काही वाईट केलं, असं मला वाटत नाही आणि तुम्हीही वाटून घेऊ नका. पण त्या वेळचा नियम काय होता तेही बघू. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी होती. १५ एप्रिलला केंद्राने ज्या सूचना काढल्या त्यांत औषधोपचारासाठी खासगी वाहनाने जायला मुभा होती. मात्र चारचाकीत चालकाशिवाय मागच्या सीटवर एक जण, आणि दुचाकीवर फक्त चालवणारा. जिल्ह्याची हद्द ओलांडायला पोलिसांचा पास वेगळा. रेणापूरहून अंबाजोगाई म्हणजे लातूर जिल्ह्यातून बीड जिल्ह्यात. ज्यांच्या दारात चारचाकी नव्हती त्यांनी म्हाताऱ्या माणसाला कसं न्यायचं, याचं उत्तर त्या कागदात नव्हतं. म्हणून आपल्या भागात अशी कितीतरी पोरं हद्दीवर अडकली.

पोराच्या बाबतीत तीन गोष्टींपैकी एक झालेली असणार. पाचशे रुपये मोटार वाहन कायद्याखालचा दंड असेल तर तो भरला तिथेच विषय संपला, तो फौजदारी खटला नव्हे. किंवा फक्त स्टेशन डायरीत नोंद करून, हमीपत्रावर सही घेऊन गाडी सोडली असेल. किंवा भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने काढलेला आदेश मोडल्याबद्दल, गुन्हा दाखल झाला असेल. पाचशेची पावती शोधा. आपल्याकडे असे कागद देव्हाऱ्यामागे, ट्रंकेत नाहीतर विम्याच्या पिशवीत सापडतात. पावतीवर कलम आणि खातं छापलेलं असतं, अर्धं उत्तर तिथेच मिळेल. पावती दिलीच नसेल तर तेही अर्जात लिहा.

मग पोराच्या सहीने ठाण्यात अर्ज: अमुक तारखेला, अमुक नंबरची गाडी अडवली होती, त्याबाबत माझ्यावर गुन्हा दाखल आहे काय, असल्यास क्रमांक, कलम आणि सद्यःस्थिती कळवावी. तो हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या ठाण्यांत द्या. नाका कुणाचा होता ते पोराला आज आठवणार नाही. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. आपल्या राज्यात तो दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. उत्तर तीस दिवसांत. राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेले गुन्हे तारखेवरून शोधता येतात, तेही बघा. गावच्या पोलीस पाटलांना विचारा, त्या काळात पोराच्या नावाने समन्स आलं होतं का. आणि तालुका कोर्टात ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातले खटले दाखवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर, त्याचं नाव टाकून बघायला सांगा.

कलम १८८ निघालं तर? त्यात कोर्टाला थेट पोलिसांच्या एफआयआरवरून दखल घेता येत नाही, ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्याची लेखी फिर्याद लागते. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने, म्हणून दखल घ्यायची मुदतही एकच वर्ष. कोविडमुळे मुदतींची मोजणी काही काळ थांबली होती, ती धरली तरी ते वर्ष कधीच उलटून गेलं. वेळेत दोषारोपपत्र आणि फिर्याद गेलीच नसेल तर ते प्रकरण कोर्टात उभं राहणं अवघड आहे. शिवाय कोविडकाळातले असे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये जाहीर केला. पण जाहीर झालं म्हणून पोराचा खटला आपोआप मिटला असं धरू नका. कोर्टात गेलेला खटला मागे घ्यायला सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. तसा आदेश झाला असेल तर त्याची खरी नक्कल काढा.

इथे एक धोका आहे आणि तो मी दोन-तीन घरांत बघितला आहे. भरती जवळ आली की कुणीतरी म्हणतं, ‘कशाला घोळ घालता, कोर्टात जाऊन कबूल करा, दोनशे रुपये दंड भरा, एका दिवसात मोकळे.’ गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी. पोराच्या नावापुढे आज काहीच नसेल, तर घाईत केलेल्या त्या एका सहीने ते लागेल. वकिलाने सगळे कागद बघेपर्यंत कुठल्याही कबुलीवर सही नाही, हे पोराला नीट बजावून सांगा.

आणि नमुन्यात लिहायचं का? लिहायचं. ज्यांनी लिहू नको सांगितलं त्यांचा हेतू चांगला असेल, सल्ला चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात हे बरंच स्वच्छ केलं. प्रकरण किरकोळ असेल तर नेमणूक करणारा अधिकारी ते नजरेआड करू शकतो. माहिती दडवली तर मात्र दडवणं हाच वेगळा ठपका होऊ शकतो. नमुन्यात अटक, खटला, दंड असं वेगवेगळं विचारलेलं असतं. रकाना नीट वाचायचा आणि जे विचारलं त्याचं खरं उत्तर द्यायचं. ज्याची खात्री नाही ते ‘नाही’ म्हणून ठोकून द्यायचं नाही. मी असते तर जोडपत्रावर असं लिहिलं असतं:

‘एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात आजारी आजीला दवाखान्यात नेत असताना माझी मोटारसायकल जिल्हा हद्दीवर अडवण्यात आली व दोन दिवस पोलीस ठाण्यात ठेवण्यात आली. मी ५०० रुपये भरले. त्याबाबत माझ्यावर गुन्हा दाखल असल्याचे मला कळवलेले नाही. माहिती मिळण्यासाठी मी दोन्ही पोलीस ठाण्यांत अर्ज केला असून पोच सोबत जोडली आहे.’

यात एकही शब्द खोटा नाही आणि एकही गोष्ट लपवलेली नाही. उद्या पडताळणीला आलेल्या हवालदाराला काही सापडलं, तर ते पोराने आधीच सांगितलेलं असेल. अर्थात ‘पोच सोबत’ म्हणण्यासाठी अर्ज आधी गेले पाहिजेत. नमुना द्यायची तारीख तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. कितीही जवळ असली तरी अर्ज त्याआधी द्या, उत्तर यायची वाट बघत बसू नका.

कुठे अडलं तर तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलेला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. कर्जाचं प्रकरण तुमच्या नावावर आहे, तेव्हा ते तिथे नेता येईल. पोराचं नेताना उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला लागेल. जाण्याआधी विधी सेवेच्या १५१०० या नंबरवर फोन करून विचारून घ्या.

शेवटचा एक कागद राहिला. दवाखान्यात तुम्ही त्या दिवशी दुसऱ्या गाडीने पोचलात असं लिहिलंय. म्हणजे सासूबाईंचा केस पेपर निघाला असणार. त्याच्यावर त्यांचं नाव, वय, तारीख आणि वेळ असते. पोरगा त्या रस्त्यावर का होता याचा त्याहून चांगला पुरावा नाही. तो शोधा आणि दोन्ही ठाण्यांच्या अर्जांना आणि जोडपत्राला त्याची झेरॉक्स लावा. अस्सल मात्र कुणी मागितला तरी देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. त्यांच्या आठवणीतला तो कागद घरातच राहू द्या.